पोटरीतला गोळा आणि केळ्याची कीर्ती
रात्री पोटरीत गोळा आला की घरोघरी एकच निदान: ‘कॅल्शियम कमी झालंय, केळं खा.’ केळ्यात पोटॅशियम असतं, कॅल्शियम नावापुरतं, गल्लत तिथूनच. शिवाय बहुतेकांच्या रक्तात दोन्ही व्यवस्थित असतात. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनीही वयस्करांना फारसा फरक पडत नाही, असं २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेल्या आढाव्यात दिसलं. नेमकं कारण अनेकदा सापडतच नाही. वय, गरोदरपण, थकलेले स्नायू, लघवी वाढवणारी औषधं यांच्याशी संबंध असतो. गोळा आलाच तर गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे ओढा, पोटरी चोळा. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणून पाहा. केळं खुशाल खा, भूक लागली म्हणून. एकाच पायाला सूज किंवा लाली असेल तर मात्र थेट डॉक्टरकडे.