सूर्यास्ताकडे पाठ करून

कच्छमध्ये भुजहून धोरडोकडे जाताना भिरंडियाऱ्याला थांबायचं, रणात जायचा परवाना काढायचा, दुधाचा गरम मावा खायचा. पुढे बन्नी या गवताळ प्रदेशाचं गवत विरळ होत जातं आणि मग फक्त मिठाचं पांढरं रण. संध्याकाळी इथे प्रत्येकजण मोबाइल उंचावून पश्चिमेकडे तोंड करून उभा असतो. माझं सांगणं उलटं आहे: सूर्य बुडाला की पाठ फिरवा.

अर्थात आधी तो बुडताना नीट बघा. क्षितिजालगत हवेच्या जाड थरातून येताना प्रकाश वाकतो आणि वस्तू सुमारे 34 कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर उचललेली दिसते. सूर्यबिंबाचा व्यास असतो साधारण 32 कला. म्हणजे बिंबाची खालची कड मिठाला टेकलेली दिसते, त्या क्षणी सूर्य प्रत्यक्षात सगळाच्या सगळा क्षितिजाखाली गेलेला असतो! खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून तो चेपलेल्या भाकरीसारखा दिसतो.

आता पूर्वेकडे वळा. क्षितिजावर करड्या-निळ्या रंगाचा पट्टा दिसेल, ढग वाटावा असा, आणि त्याच्यावर फिकट गुलाबी झालर. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, आपल्याच वातावरणावर पडलेली. गुलाबी भागात मावळतीचा तांबूस प्रकाश अजून पोचत असतो आणि तिथल्या हवेवरून तो आपल्याकडे परत येतो. (इंग्रजीत या झालरीला शुक्राचा कमरपट्टा म्हणतात; शुक्र ग्रहाशी मात्र तिचा काही संबंध नाही.) सूर्य जसजसा खाली जातो तसतशी सावली वर चढते, आणि पंधरा-वीस मिनिटांत रात्रीत मिसळून जाते. मुंबई-पुण्यातही ती रोज पडते, पण इमारती आणि धुरकं तिला झाकून टाकतात.

रण इतकं सपाट कसं? हा एकेकाळी समुद्राचा उथळ फाटा होता, गाळाने भरत आलेला. दर पावसाळ्यात इथे समुद्राचं आणि नद्यांचं पाणी साचतं, पावसाळा सरल्यावर आटतं आणि मीठ मागे ठेवतं. नजर अडवायला काहीच नाही. तरीही उभ्या माणसाच्या डोळ्यांना दिसणारं क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. काळा डुंगर या टेकडीवर, साधारण 460 मीटर उंचीवर, चढलात तर हिशेबाने तेच 75 किलोमीटरपलीकडे सरकतं. धुळीने ते दिसू दिलं तर.

बहुतेक बसगाड्या अंधार पडताच परततात. खरा काळोख मात्र सूर्य क्षितिजाखाली 18 अंश गेल्यावर होतो, आणि या अक्षांशावर त्याला सुमारे 80 मिनिटं लागतात. तेवढं थांबा, स्वेटर घालून. कोरड्या, निरभ्र हवेत जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडते.

उत्तरेला ध्रुवतारा क्षितिजापासून 24 अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अडीच मुठींएवढा वर. हाच तुमचा अक्षांश. फेब्रुवारीत रात्री साडेनऊ-दहाला दक्षिणेकडे, तेजस्वी व्याध ताऱ्याच्या खाली, अगस्त्य तारा सापडेल, क्षितिजापासून जेमतेम 13 अंशांवर. मुंबईत तो याहून वर येतो, पण खिडकीसमोरचा टॉवर त्याहून वर असतो.

पौर्णिमेचं रण सुंदर असतं, गर्दीही तेव्हाच उसळते. चांदण्यांसाठी मात्र अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा, कारण पांढऱ्या मिठावर पसरलेलं चांदणं मंद तारे पुसून टाकतं. फेब्रुवारी-मार्चमधल्या अशा अंधाऱ्या संध्याकाळी संधिप्रकाश संपल्यावर पश्चिमेला एक तिरपा, फिकट उजेडाचा सुळका उभा राहतो. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेली धूळ सूर्यप्रकाशात उजळते, तिचा हा उजेड. पहिल्यांदा बघणारा त्याला दूरच्या एखाद्या शहराची झळाळी समजतो. पण तो शहराचा उजेड नसतो.