व्यवस्थापन सल्ल्यातील पूर्वग्रह आणि गुंतागुंत

संस्थेच्या अडचणींचे निदान करताना माणसाच्या विचारातले ठरावीक दोष आणि संस्थेतील घटकांचे एकमेकांवरचे परिणाम, दोन्ही विचारात घेण्याची सल्लागारी पद्धत.

आकलनातील पूर्वग्रहांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ अमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांच्या १९७४ च्या लेखाने रुळला. त्यातल्या एका प्रयोगात चक्र फिरवून १० किंवा ६५ हा आकडा आणत आणि मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, असे विचारत. १० पाहिलेल्यांचा मध्यक अंदाज २५ निघाला, ६५ पाहिलेल्यांचा ४५; म्हणजे आधी समोर आलेला आकडा असंबद्ध असला तरी अंदाज आपल्याकडे ओढतो.

सल्लागाराच्या बाबतीत त्या आकड्याचे काम पहिल्याच बैठकीत ऐकलेले वाक्य करते. ‘आमची विक्रीची माणसे कमी पडतात,’ असे क्लायंट सांगतो आणि पुढच्या सगळ्या मुलाखती विक्री विभागाभोवती फिरतात. माल वेळेवर निघत नसल्याने विक्रेत्यांचा दिवस जुन्या ग्राहकांची समजूत काढण्यात जातो, हे विचारायचे राहून जाते. त्यात शुल्क देणाऱ्याचेच निदान उचलून धरणे सोयीचेही असते.

निदान बरोबर आले तरी उपाय लागू पडेलच असे नाही. विक्रेत्यांचे कमिशन वाढवले, की ते ऑर्डर मिळवण्यासाठी जवळच्या तारखा कबूल करतात. उत्पादनावर ताण येतो, माल आणखी उशिरा निघतो. डेव्ह स्नोडेन यांनी १९९९ मध्ये आयबीएममध्ये असताना मांडलेल्या, प्रश्नाचा प्रकार ओळखून निर्णय घेण्याच्या ‘कनेव्हिन’ चौकटीत एक भेद कळीचा आहे: क्लिष्ट प्रश्न तज्ज्ञाच्या विश्लेषणाने सुटतो, गुंतागुंतीच्या प्रश्नात कार्यकारणभाव मागाहूनच दिसतो. म्हणून तिथे फसले तरी झेपतील असे छोटे प्रयोग आधी करतात. गुंतागुंतीच्या प्रश्नाला क्लिष्ट समजणे ही या व्यवसायातली सर्वांत महागडी चूक म्हणावी लागेल.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांचे ‘प्रीमॉर्टेम’ हे व्यवहारात उपयोगी पडणारे तंत्र: योजना फसलीच आहे असे धरून प्रत्येकाने ती फसण्याची कारणे लिहायची. वरिष्ठांसमोर शंका बोलून न दाखवणारेही त्यात लिहिते होतात.

पूर्वग्रहांची नुसती माहिती असणे मात्र पुरत नाही. ते इतरांत चटकन दिसतात, स्वतःत दिसत नाहीत, हे मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले. सल्लागारही त्याला अपवाद नाही. ‘सगळे गुंतागुंतीचे आहे’ असे म्हणून मोघम सल्ला देण्याची पळवाटही याच पद्धतीतून निघते; ती बंद करायची तर काय दिसल्यास प्रयोग थांबवायचा, हे सुरुवातीलाच लेखी ठरवावे लागते. अंतिम अहवालाची तारीख आणि शिफारशी आधीच बांधून घेणाऱ्या करारांत अशा प्रयोगांना जागाच उरत नाही.