इस्तंबूलच्या मशिदीत कबर शोधू नका

इस्तंबूलला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींचे फोटो पाहिले की एक घोळ हमखास दिसतो. फोटो सुलतान अहमद मशिदीचा, म्हणजे ‘ब्लू मॉस्क’चा, आणि खाली ओळ, ‘इथल्या प्रसिद्ध दर्ग्याचं दर्शन झालं.’ सहलीच्या घोळक्यातही आत शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न तोच, ‘इथे समाधी कोणाची?’ कोणाचीच नाही. मशीद आणि दर्गा या दोन वेगळ्या जागा आहेत.

दर्गा आपल्याला पुरता ठाऊक आहे. हाजी अली, माहीमचे मखदूमबाबा, कल्याणजवळचा हाजी मलंग. चादर, गुलाब, ऊद, नवस, उरूस. माहीमच्या उरुसात पोलिसांच्या संदलचा, म्हणजे कबरीवर चढणाऱ्या चंदनाचा, मान काय असतो, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. दर्ग्यात हिंदू माणसानं जाणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मशिदीची पायरी मात्र आपल्यातले बहुतेक जण आयुष्यात चढत नाहीत. ती पहिल्यांदा आतून दिसते ती थेट तुर्कस्तानात, आणि तिथे आपण दर्ग्याच्या सवयी घेऊन शिरतो. त्यात हाजी अलीला दर्गा आणि मशीद एकाच आवारात. दोन्ही एकच, हा समज तिथूनच पक्का होतो.

दर्ग्यात कोणीतरी असतं. तुम्ही त्या व्यक्तीला भेटायला जाता. मशिदीत भेटायला कोणी नसतं, तिथे असते फक्त एक दिशा. समोरच्या भिंतीत नक्षीदार कोनाडा दिसतो, तो मिहराब. देवळात वाढलेल्या डोळ्यांना तो गाभारा वाटतो आणि पावलं आपोआप तिकडे वळतात. त्या कोनाड्यात काहीही ठेवलेलं नाही, पूर्वीही नव्हतं. मक्केतला काबा कोणत्या बाजूला आहे एवढंच तो सांगतो. आपल्याकडे ती बाजू पश्चिमेची, इस्तंबूलमध्ये आग्नेयेची. नमाज कुठेही पढता येते, स्वच्छ जागा आणि दिशा मिळाली की झालं. मशीद म्हणजे ती सर्वांनी मिळून, एका रांगेत उभं राहून पढायची जागा.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर आया सोफियाच्या वरच्या सज्जात उभं राहा. ५३७ साली ही वास्तू चर्च म्हणून पुरी झाली. १४५३ मध्ये शहर उस्मानी तुर्कांनी घेतलं आणि तिची मशीद झाली. १९३० च्या दशकात संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद. चर्च बांधणाऱ्यांनी मक्केचा विचार करण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून समोरच्या अर्धगोल भिंतीत मिहराब बरोबर मध्यावर बसलेला नाही, किंचित उजवीकडे सरकलाय. एवढ्या अफाट इमारतीची मध्यरेषा सोडून कोनाडा बाजूला घेतला, कारण दिशा चुकवून चालणार नव्हतं. कोणत्याही गाइडच्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा मला हा एक कोनाडा जास्त शिकवणारा वाटतो.

एवढं समजलं की वागायचं कसं ते फारसं सांगावं लागत नाही. मिहराबासमोर नाणी ठेवायची नाहीत, हात जोडून फोटो काढायचा नाही. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जायचं नाही, मागून जायचं. दर्ग्यात आपण जाऊ ती वेळ चालते, मशीद पाच नमाजांच्या घड्याळावर चालते. त्या वेळी पर्यटकांना थांबवतात आणि शुक्रवारी दुपारी तर जास्तच. त्यावर दारात हुज्जत घालणारे लोक पाहिले की मला फार वाईट वाटतं. डोक्यावर ओढणी, पायातले जोडे बाहेर, हे सगळ्यांना माहीत असतं.

एक गोष्ट मात्र फारसं कोणी सांगत नाही. तुर्की मशिदीच्या अंगणात कमरेइतक्या उंचीचा सपाट दगडी ओटा असतो. दमलेले पर्यटक त्यावर सॅक टाकतात, कधी बसतातही. तो मुसल्ला दगड. अंत्यनमाजेच्या वेळी शवपेटी त्याच्यावर ठेवतात. तिथे बसू नका आणि मुलांनाही चढू देऊ नका.

मग इस्तंबूलमध्ये दर्गे नाहीतच का? आहेत. कबरीवरच्या इमारतीला तिथे तुर्बे म्हणतात आणि ती बहुधा मशिदीला लागून पण वेगळी असते. तरी प्रत्येक तुर्बे दर्गा नसतो. सुलेमानिये मशिदीच्या मागच्या बागेत सुलतान सुलेमान आणि त्याची राणी हुर्रेम यांच्या कबरी आहेत. ती राजघराण्याची थडगी आहेत, तिथे नवस बोलायला जात नाहीत. आपल्याला कळेल असा दर्गा हवा तर इस्तंबूलच्याच एयुप भागात जा. पैगंबरांचे सहकारी अबू अय्यूब अन्सारी तिथे आहेत. सातव्या शतकात अरबांनी या शहराला वेढा घातला, तेव्हा ते इथे वारले. शुक्रवारची दुपार गाठून सुलतान अहमदच्या दारात ताटकळण्यापेक्षा मी सकाळीच एयुपला जाणं पसंत करेन.

तिथेही आपल्या रीती जशाच्या तशा चालत नाहीत. तुर्की प्रजासत्ताकानं १९२५ मध्ये कायदा करून सूफी मठ आणि तुर्बे बंद केले. काही तुर्बे १९५० पासून पुन्हा उघडले. सूफी कवी जलालुद्दीन रूमीची कोन्या शहरातली जागा तर सरकारी कागदावर आजही संग्रहालयच आहे. अनेक तुर्ब्यांच्या दारात सरकारी धर्मखात्याची पाटी असते. तिच्यावर लिहिलेलं असतं, ‘मेणबत्ती लावू नका, चिंध्या बांधू नका, नवस बोलू नका, मृताकडे काही मागू नका.’ तरीही बॉस्फरसच्या काठी तेल्ली बाबाच्या कबरीवरून लग्नाळू मुली चंदेरी जरीची तार नेतात आणि लग्न ठरलं की परत आणून वाहतात. ‘इस्लाममध्ये हे चालतं का?’ या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर नाही. मदिनेच्या बकी कब्रस्तानातले कबरींवरचे घुमट १९२० च्या दशकात सौदी राजवटीनं पाडून टाकले, आणि माहीमला आजही संदल चढतो. धर्म एकच, जागोजागची रीत वेगळी.

एयुपला जाताना मुंबईहून चादर नेऊ नका. लोक उभ्यानं तळवे वर करून फातिहा, म्हणजे कुराणातला पहिला अध्याय, म्हणतात आणि पुढे सरकतात, कारण मागे रांग असते. आपण तेवढा वेळ गप्प उभं राहिलं तरी पुरे. अंगणात राजपुत्रासारख्या पांढऱ्या पोशाखात लहान मुलं दिसतील. सुंतेआधी त्यांना इथे आणायची तिथली पद्धत आहे. फोटो हवाच असेल तर आधी आईवडिलांना विचारा.