सुवर्णसाठ्यांतील मूलद्रव्यी बिस्मथ

सोन्याच्या साठ्यांत बिस्मथ (एक जड धातू) बहुधा गंधकाशी किंवा टेल्युरियम या मूलद्रव्याशी संयोग पावलेले असते. काही ठिकाणी मात्र ते निव्वळ धातुरूपात, क्वॉर्ट्झच्या शिरांमध्ये बारीक कणांनी विखुरलेले सापडते. हे मूलद्रव्यी बिस्मथ होय. ते रुपेरी पांढरे, किंचित गुलाबी झाकेचे, ठिसूळ आणि चाकूने सहज ओरखडा पडेल इतके मऊ असते. दुकानांत मिळणारे इंद्रधनुषी, पायऱ्यापायऱ्यांचे स्फटिक वितळलेल्या धातूपासून मुद्दाम बनवलेले असतात. खाणीत तसे काही दिसत नाही.

या कणांचे खरे महत्त्व बिस्मथच्या कमी वितळबिंदूत आहे. बिस्मथ 271° से.ला वितळते आणि सोने मिसळले की मिश्रण 241° से.पर्यंतही द्रवरूप राहू शकते. सुवर्णशिरा तयार होताना खडकांतील भेगांतून वाहणारे पाणी अनेकदा याहून तप्त असते. त्यामुळे त्या पाण्यात बिस्मथचे द्रव थेंब तरंगू शकतात आणि पाण्यातले सोने शोषून घेतात. पाण्यात सोने इतके विरळ असले की एरवी त्याचा कण खाली बसला नसता, तरीही हे घडते. मात्र गंधक मुबलक असेल तर बिस्मथिनाइट हे सल्फाइड (बिस्मथ व गंधक यांचे संयुग) बनते, म्हणून गंधक व ऑक्सिजन कमी असलेले वातावरण या क्रियेला अनुकूल ठरते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातले मॅल्डन हे याचे नमुनेदार ठिकाण. तेथील सुवर्णशिरांना शेजारी वितळलेल्या रूपात घुसलेल्या हारकोर्ट ग्रॅनाइटची आच लागली. सोने व बिस्मथ यांचे तेथे सापडलेले संयुग (Au₂Bi) गावाच्या नावावरूनच मॅल्डोनाइट म्हणून ओळखले जाते. त्यात वजनाने सुमारे 65 टक्के सोने असते, पण हवेत ते काळवंडते आणि सोन्यासारखे दिसतच नाही. मॅल्डोनाइटचे विघटन झाले की सोने आणि बिस्मथ यांची गांडुळांसारखी बारीक गुंफण उरते. सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखता येते.

अलास्कातील फोर्ट नॉक्स येथे ग्रॅनाइटी खडकांतील शिरांत बिस्मथ व सोने एकमेकांच्या सोबतीने वाढते-घटते. अशा प्रदेशांत मातीतील बिस्मथचे प्रमाण मोजून सोन्याचा माग काढतात. खडकातून सोने वेगळे करताना मात्र हीच सोबत अडचणीची ठरते, कारण त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सायनाइडच्या द्रावणात मॅल्डोनाइट शुद्ध सोन्यापेक्षा सावकाश विरघळते.