स्टेरॉइडच्या चिठ्ठीत कॅल्शियम आलं कुठून, आणि त्याची वेळ कशी ठरली

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड महिनोन्‌महिने घ्यावं लागणाऱ्याच्या चिठ्ठीवर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बहुतेक ठरलेलंच असतं. प्रश्नही ठरलेला: ‘या गोळ्या एकत्र घेतल्या तर चालतील का?’ उत्तरं मात्र जितकी तोंडं तितकी. कुणी दोन तासांचं अंतर सांगतं, कुणी चार तासांचं, कुणी म्हणतं कॅल्शियम रात्रीच घ्या. यातल्या बहुतेक सल्ल्यांमागे खरंच काही कारण आहे, पण ते कारण दरवेळी स्टेरॉइड असतंच असं नाही. निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या औषधांमुळे ठरलेले नियम एकाच चिठ्ठीत येऊन मिसळले आहेत. ते सुटे केले, तर कुठला काटेकोर पाळायचा आणि कुठल्याची धास्ती घ्यायची नाही, हे कळतं.

स्टेरॉइड आणि हाडं यांचं वैर औषधापेक्षाही जुनं आहे. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये पिट्यूटरी ग्रंथीच्या बिघाडाचे रुग्ण एकत्र मांडले. त्यांच्या शरीरातच कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, जास्त तयार होत होतं, हे पुढे उलगडलं. कुशिंग यांच्या लक्षणांच्या यादीत सुजलेला चेहरा आहे, वाढलेला रक्तदाब आहे, आणि कमरेच्या मणक्यांचं दुखणं, पाठीला आलेला बाक, मोजता येईल इतकी घटलेली उंचीही आहे. म्हणजे कॉर्टिसोन हे स्टेरॉइड औषध बाजारात येण्याच्या आधीच त्याचा हाडांवरचा परिणाम छापून झाला होता. १९४०च्या दशकात फुलर ऑलब्राइट यांनी त्याचं कारणही सुचवलं: नवं हाड घडवण्याचं कामच मंदावतं.

मग १९४८ उजाडलं. मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोनची इंजेक्शनं सुरू केली. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडॉल आणि ताडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. १९५५च्या सुमारास प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन आली आणि दमा, ल्युपस, मूत्रपिंडाचे विकार अशा कितीतरी आजारांत ती जीव वाचवू लागली. या गोळ्यांनी जे दिलं ते फार मोठं आहे, म्हणूनच त्यांना नुसतं ‘वाईट औषध’ म्हणणं मला पटत नाही. पण पाठीचे मणके चेपून येणारे रुग्णही दिसू लागले, आणि हाडांसाठी काय करायचं याचा नेमका शिरस्ता बसायला पुढची चार दशकं लागली.

त्या काळात यंत्रणा उलगडत गेली. स्टेरॉइडमुळे आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीवाटे जास्त जातं. मिळकत कमी आणि खर्च जास्त, असा दुहेरी मार. ही तूट कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाने भरून काढता येते का, हे पाहणारा एक महत्त्वाचा प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. संधिवातासाठी कमी मात्रेत प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी काहींना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ५०० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या. दोन वर्षांत दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता दरवर्षी सुमारे दोन टक्क्यांनी घटली. दुसऱ्या गटाची टिकली, किंचित वाढलीही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या हाडांबद्दल पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. तिच्या २०१७ च्या आवृत्तीत अन्न आणि गोळ्या मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० ते ८०० युनिट ड जीवनसत्त्व असं प्रमाण आहे. ‘अन्न आणि गोळ्या मिळून’ हे शब्द सहज निसटतात. आहारातून भरपूर कॅल्शियम मिळत असेल, तर गोळीची मात्रा तेवढी कमी लागते.

नुसतं कॅल्शियम पुरत नाही, हेही याच सुमारास स्पष्ट झालं. स्टेरॉइडमुळे हाड घडवणाऱ्या पेशीच मरतात, असं १९९८ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं, आणि ऑलब्राइट यांचा जुना तर्क पुन्हा समोर आला. २००० मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे अडीच लाख रुग्णांच्या नोंदींतून कळलं, की रोज ७.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत मणक्याचं हाड मोडण्याचा धोका पाचपट होता, आणि तो स्टेरॉइड सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांतच वाढतो. म्हणून अनेकांच्या चिठ्ठीत तिसरी गोळी आली: हाडांची झीज रोखणारं अलेंड्रोनेट.

वेळेचा खरा पेच इथे आहे. उपाशीपोटी घेतली तरी या गोळीचा एक टक्कासुद्धा अंगी लागत नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्यातलाही निम्म्याहून अधिक भाग जातो. कॅल्शियम तिला आतड्यात बांधूनच ठेवतं. त्यात १९९६ मध्ये अन्ननलिकेला जखमा झाल्याच्या नोंदी आल्या आणि सूचना आणखी कडक झाल्या: सकाळी उठल्यावर पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, तोवर काही खायचं-प्यायचं नाही, दुसरी गोळीही नाही. त्यामुळे ही गोळी घ्यायच्या दिवशी क्रम असा लागतो: आधी अलेंड्रोनेट, अर्ध्या तासाने नाश्ता आणि त्याच्यासोबत प्रेडनिसोलोन, कॅल्शियम थेट दुपारच्या जेवणात. हा नियम मात्र अगदी काटेकोर पाळावा.

चार तासांचं अंतर आलं ते थायरॉइडच्या गोळीमुळे. कॅल्शियम कार्बोनेट लेव्होथायरॉक्सिनचं शोषण घटवतं हे २००० मध्ये नीट दाखवलं गेलं. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक्सचंही तसंच. लोहाच्या गोळीलाही कॅल्शियमपासून लांब ठेवतात.

मग स्टेरॉइडचं काय? प्रेडनिसोलोनच्या साध्या गोळीचं कॅल्शियमशी असं वैर नाही. दोन्ही एकाच जेवणात पोटात गेल्या तर घाबरून जायचं कारण नाही. अपवाद आवरण असलेल्या गोळीचा. ते आवरण पोटातल्या आम्लात टिकून पुढे आतड्यात विरघळावं अशा बेताने केलेलं असतं. आम्ल मारणाऱ्या अँटासिडमुळे ते आधीच फुटू शकतं, आणि कॅल्शियम कार्बोनेट हेही अँटासिडच आहे. तिथे दोन तासांचं अंतर ठेवणं रास्त. स्टेरॉइड सकाळी घेण्याचं कारण वेगळं: शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं, त्या लयीला धरून गोळी घेतली तर कॉर्टिसोल बनवणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमी दबते आणि झोपही कमी मोडते.

कॅल्शियम जेवणासोबत का, याचं उत्तर १९८५ मधल्या एका प्रयोगात आहे. ज्यांच्या पोटात आम्लच तयार होत नाही, त्यांना उपाशीपोटी दिलेलं कार्बोनेट जवळजवळ शोषलंच गेलं नाही. कॅल्शियम सायट्रेट हा दुसरा प्रकार मात्र शोषला गेला. जेवणासोबत दिल्यावर कार्बोनेटही व्यवस्थित शोषलं गेलं. पुढे ओमेप्राझोलसारखी आम्ल दाबणारी औषधं आली आणि हा मुद्दा घरोघरचा झाला, कारण स्टेरॉइडसोबत तीही बऱ्याचदा लिहून दिलेली असतात. अशांना सायट्रेट सोयीचं पडतं, तेवढं डॉक्टरांना विचारावं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम घेतलं तर जास्तीचा वाटा कमी शोषला जातो, म्हणून दोन जेवणांत विभागून घ्यायचं. पाकिटावरचा आकडाही नीट वाचायला हवा: १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं.

ड जीवनसत्त्व स्निग्धात विरघळणारं, त्यामुळे दिवसातल्या भरपेट जेवणासोबत घेतलं की झालं; स्टेरॉइडपासून लांब ठेवायची गरज नाही. तिथली काळजी मात्रेची. आठवड्यातून एकदा घ्यायची मोठ्या मात्रेची गोळी चुकून रोज घेतली, तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: सतत तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी, आणि मूत्रपिंडांवर ताण.

सार्कॉइडोसिस (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होणारा आजार) असलेल्यांसाठी तर सारा हिशेबच उलटतो. तेही स्टेरॉइड घेतात, पण त्यांच्या आजारातल्या गाठी स्वतःच ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप तयार करतात. १९८१ मध्ये मूत्रपिंडं नसलेल्या एका रुग्णाच्या रक्तातही ते वाढलेलं सापडलं, आणि मूत्रपिंडाबाहेरही ते बनतं याचा पुरावा मिळाला. अशा रुग्णाने ‘स्टेरॉइड चालू आहे म्हणजे कॅल्शियम हवंच’ असं समजून स्वतःहून गोळ्या सुरू करू नयेत. आधी रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावं लागतं. मुतखडा होऊन गेलेल्यांनीही गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते सांगायला हवं. आणि गोळ्यांच्या वेळा जुळत नाहीत म्हणून कुणीही रोजचं स्टेरॉइड आपल्या मनाने गाळू नये: महिनोन्‌महिने ते घेणाऱ्याची अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावलेली असते, आणि ते एकदम थांबलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.