लिप्पिश पी. १३ए

लिप्पिश पी. १३ए : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत आखलेले, कोळशावर चालणारे लढाऊ विमान. ते कधीच बांधले गेले नाही. त्याच आकाराचा बिनइंजिनाचा ग्लायडर, डीएम-१, मात्र तयार झाला. त्यामुळे ‘हे विमान उडाले असते का?’ या प्रश्नाचे उत्तर निव्वळ तर्कावर सोडावे लागत नाही.

अलेक्झांडर लिप्पिश (१८९४–१९७६) यांनी बिनशेपटीच्या विमानांचा ध्यास तरुणपणीच घेतला होता. त्यांच्या आराखड्यातून आलेल्या मेसरश्मिट मी १६३ या रॉकेट विमानाने ऑक्टोबर १९४१ मध्ये ताशी १,००० किमी.चा वेग ओलांडला. ज्याचे विमान खरोखर एवढ्या वेगाने उडाले, त्याची पुढची कल्पना वेडगळ म्हणून उडवून लावणे मला अन्यायाचे वाटते. १९४३ मध्ये लिप्पिश व्हिएन्नाच्या विमानविद्या संशोधन संस्थेत गेले. १९४४ मध्ये जर्मनीत विमानाच्या इंधनाचा खडखडाट झाला. कोळसा मात्र अजून मिळत होता. पी. १३ए चा जन्म या टंचाईतला.

आराखड्यातले विमान जेमतेम ६ मी. रुंद होते. पंख त्रिकोणी, त्यांची पुढची कड ६० अंश मागे ओढलेली. वर तसाच प्रचंड उभा पंख आणि त्याच्या बुडाशी वैमानिकाची जागा. पोटात रॅमजेट इंजिन. रॅमजेटमध्ये हवा दाबणारी फिरती पाती नसतात. विमानाच्या वेगानेच हवा आत दाबली जाते. म्हणजे उभ्या विमानाला हे इंजिन काडीचाही रेटा देत नाही. म्हणून उड्डाणापुरते रॉकेट जोडायचे ठरले होते. इंधन म्हणून सुमारे ८०० किग्रॅ. कोळशाचे खडे जाळीच्या टोपलीत भरायचे, ते गॅसच्या ज्योतीने पेटवायचे आणि सगळीकडून सारखे जळावेत म्हणून टोपली मिनिटाला ६० फेरे फिरवत ठेवायची, अशी योजना होती. अपेक्षित वेग होता ताशी १,६५० किमी., म्हणजे आवाजापेक्षा बराच जास्त.

खरी अडचण या टोपलीतच आहे. फुललेल्या शेगडीची आच वाटेल तेव्हा चटकन वाढवता किंवा कमी करता येत नाही, तशीच पेटलेल्या कोळशाचीही गत. खडे झिजतात तसा जळणारा पृष्ठभाग घटतो आणि रेटाही बदलत जातो. त्यातच जाळी आणि कोळसा हवेची वाट अडवतात. आवाजाच्या निम्म्या वेगाला आत शिरणाऱ्या हवेचा दाब आदर्श स्थितीतही बाहेरच्या दाबाच्या जेमतेम १.२ पट होतो, आवाजाच्या वेगाला १.९ पट. इतक्या तुटपुंज्या दाबातला बराच भाग टोपलीतच खर्ची पडला, तर मागून जोराचा झोत निघणार कुठून? शिवाय लिग्नाइट या हलक्या प्रतीच्या तपकिरी कोळशात किलोमागे केरोसिनच्या निम्मीही उष्णता नसते. आवाजाचा वेग गाठण्याइतका रेटा या इंजिनाने दिला असता, असे मानायला आधार नाही.

आकाराची गोष्ट वेगळी. डार्मश्टाट आणि म्युनिक येथील विद्यार्थ्यांच्या ग्लायडर मंडळांनी डीएम-१ बांधायला घेतला. नावातली दोन अक्षरे या दोन शहरांचीच. सप्टेंबर १९४४ मध्ये डार्मश्टाटवर बाँबवर्षाव झाल्यानंतर काम बव्हेरियातील प्रीन येथे हलले. युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी तो लाकडी ग्लायडर पूर्ण करवून घेतला आणि व्हर्जिनियातील लँगली येथे नेऊन वातविवरात, म्हणजे कृत्रिम वारा सोडून विमाने तपासण्याच्या बोगद्यात (विंड टनेलमध्ये), अख्खाच्या अख्खा तपासला.

पहिले निकाल निराशाजनक होते. छोट्या प्रतिकृतींनी दाखवलेले उत्थापक बल, म्हणजे विमानाला वर उचलणारा जोर, पूर्ण आकाराच्या पंखाला मिळेना. कारण पंखाची पुढची कड जाड आणि गोलसर होती. मोठ्या आकारावर हवा तिला चिकटून वाहत राही. अभियंत्यांनी त्या कडेवर धारदार पट्टी बसवली. हवा धारेपाशी सुटली, पंखावर दोन मोठे भोवरे तयार झाले आणि उत्थापक बल एकदम वाढले. पुढे काँकॉर्डसारखी आवाजापेक्षा वेगवान त्रिकोणी पंखांची विमाने कमी वेगात, नाक वर करून याच भोवऱ्यांच्या आधारे उतरत. मोठा उभा पंखही काढून तिथे लहान पंख बसवून पाहिला गेला. एका पट्टीने एवढा फरक पडावा, हा मला या सगळ्या हकिकतीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

तेव्हा ग्लायडर म्हणून हा आकार हवेत तरला असता, असे म्हणता येते. मात्र मूळ रूपात तो कमी वेगात अवघड आणि उतरताना धोक्याचा ठरला असता. डीएम-१ स्वतः कधी उडाला नाही. आवाजापेक्षा अधिक वेगाचा दावा मात्र टिकत नाही. युद्धानंतर लिप्पिश अमेरिकेत गेले. तिथल्याच काँव्हेअर कंपनीचे एक्सएफ-९२ए हे त्रिकोणी पंखांचे विमान १९४८ मध्ये उडाले, तेही फिरत्या पात्यांनी हवा दाबणाऱ्या टर्बोजेट इंजिनावर. त्याला आवाजाचा वेग ओलांडता आला तो फक्त सूर मारतानाच.