गोंबेचे फील्ड असिस्टंट

टांझानियातल्या गोंबे नॅशनल पार्कमध्ये रोज जंगली चिंपांझींच्या मागे फिरून त्यांची नोंद ठेवणारी स्थानिक माणसं म्हणजे गोंबेचे फील्ड असिस्टंट. बहुतेक जण किगोमा भागातले, टांगानिका सरोवराकाठच्या गावांतले. चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटिश संशोधक जेन गुडॉल जुलै १९६० मध्ये इथे आल्या हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यानंतर इतकी वर्षं हे काम टिकलं ते या लोकांच्या जोरावर, आणि त्यांच्याबद्दल फारच कमी लिहिलं जातं.

सुरुवातीला ही मंडळी वाट दाखवणं, सामान वाहणं, स्वयंपाक अशा कामांना होती. १९६० च्या दशकाच्या शेवटी चिंपांझींच्या मागे गेलेली एक विद्यार्थिनी कड्यावरून पडून वारली, तेव्हापासून रानात जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासोबत एक स्थानिक माणूस पाहिजेच असं ठरलं, आणि सोबत फिरता फिरता ते स्वतःच निरीक्षण करायला शिकले.

काम दमवणारं आहे. चिंपांझी रात्री झाडावर फांद्या वाकवून घरटं करतो, तो कुठे झोपलाय हे आदल्या संध्याकाळी बघून ठेवायचं, पहाटे अंधारातच तिथे पोचायचं आणि तो पुन्हा घरटं करेपर्यंत दिवसभर मागे राहायचं, मग उभे चढ येवोत नाहीतर काटेरी जाळी. दर १५ मिनिटांनी नकाशावर जागा टिपायची, कळपात कोण कधी आलं, कोण गेलं, काय खाल्लं, सगळं लिहायचं, तेही स्वाहिलीत.

७ जानेवारी १९७४ ला हिलाली मातामा हे सीनियर असिस्टंट कासाकेला नावाच्या चिंपांझींच्या गटामागे होते. या गटाने शेजारच्या काहामा गटातल्या गोडी नावाच्या नराला एकटं गाठलं आणि सगळ्यांनी मिळून बेदम मारलं, गोडी पुन्हा कधी दिसला नाही. चिंपांझींच्या दोन गटांमधल्या चार वर्षांच्या लढाईतला माणसाने पाहिलेला हा पहिला जीवघेणा हल्ला, आणि तो पाहिला मातामांनी.

मे १९७५ मध्ये झाइरेहून (आजचा काँगो) सरोवर ओलांडून आलेल्या बंडखोरांनी चार परदेशी विद्यार्थ्यांना पळवून नेलं. पुढे ते सुटले, पण बाहेरच्या संशोधकांचं तिथे राहणं जवळपास थांबलं. रोजची नोंद मात्र थांबली नाही, असिस्टंटांनीच ती चालू ठेवली. माझ्या मते गोंबेच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, कारण चिंपांझी पन्नास वर्षंही जगतो, आई, लेक, नात अशी ओळ समजायची तर मध्ये गॅप चालत नाही. तरी रिसर्च पेपरमध्ये यांची नावं बहुतेक वेळा आभाराच्या ओळीतच सापडतात.

चिंपांझींची विष्ठा गोळा करणं हेही यांच्याच कामात येतं. त्यातूनच एसआयव्ही या, माणसातल्या एचआयव्हीसारख्या विषाणूचा माग लागला, आणि या विषाणूने गोंबेचे चिंपांझी आजारी पडून मरतात हे २००९ मध्ये समोर आलं. माणसाचा सर्दी-खोकलाही त्यांना मारू शकतो, म्हणून आजारी माणसाने रानात जायचं नसतं. पार्कबाहेरच्या जंगलासाठी १९९४ पासून टकारे हा गावांसोबतचा कार्यक्रम चालतो, त्यात गावानेच निवडलेले वनरक्षक मोबाइलवर झाडतोड आणि प्राण्यांच्या खुणा नोंदवतात.